धुराची वाट

सायवन हे डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडचं, डोंगराच्या अंगाचं गाव. थंडीत पहाटे तिथल्या एखाद्या पाड्यावर उभं राहिलं तर जुन्या घरांची छपरं वाफाळल्यासारखी दिसतात. तो असतो चुलीचा धूर. घराला धुराडं नाही, भिंतीला झरोकाही नाही. तरी कौलांच्या सांध्यांतून, पेंढ्याच्या थरांतून, कुडाच्या वरच्या फटीतून धूर हळूहळू बाहेर झिरपतो. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप आणि वर हलकं छप्पर असं ते वारली घर. त्याचं अख्खं छप्पर म्हणजेच धुराडं. जाता जाता तो धूर कामंही करतो. वाशांना आणि बांबूला भुंगा लागू देत नाही, चुलीवर टांगलेल्या बियाण्याला कीड लागू देत नाही. घरातल्या बाईच्या डोळ्यांना आणि छातीला मात्र तो छळतोच.

त्याच पाड्यावर आता घरकुल योजनेतली विटा-सिमेंटची घरं उभी आहेत. चूल तीच, लाकूड तेच, रांधणारे हातही तेच. पण भिंत गिलाव्याने बंद, वर पत्रा किंवा स्लॅब, आणि थंडी म्हणून खिडकी लावलेली. धुराला जायला जागाच उरत नाही. चांगलं घर मिळालं, पण आत बसवत नाही, अशी तक्रार ऐकू येते तिचं कारण इथे आहे. चूल बिघडलेली नाही. जुन्या घरात धुराची वाट घरातच विणलेली होती आणि नवं घर बांधताना ती कुणी आखली नाही.

या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे. घर बदललं, चूल बदलली किंवा पाणी तापवायचं साधन बदललं की धुराची वाट नव्याने आखावी लागते. जुनी वाट नव्या साधनाला चालेलच असं नाही. आणि चुलीचा धूर निदान दिसतो, झोंबतो, खोकला काढतो. नव्या साधनांचा धूर दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि म्हणूनच त्याची वाट चुकली तर माणूस जातो.

बंब नावाचा बॉयलर

मराठी घरात बॉयलर नसतो असं आपल्याला वाटतं, पण पिढ्यान्‌पिढ्या तो आपल्या न्हाणीघराच्या दाराशी उभा होता. आपण त्याला बंब म्हणतो. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेल्या तांब्याच्या बंबाची रचना नीट पाहिली तर त्यात मोठं शास्त्र दिसतं. बाहेर पाण्याचं गोल भांडं, त्याच्या मधोमध वरपर्यंत गेलेलं नळकांडं, खाली जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या, शेंगांची टरफलं किंवा कोळसा पेटवायचा. जाळ मधून जातो, पाणी त्याच्या चहूबाजूंनी असतं, त्यामुळे उष्णता वाया न जाता पाण्यात उतरते. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्येही आग अशीच नळ्यांमधून जाते आणि पाणी बाहेरून वेढलेलं असतं.

म्हणजे बंबाला स्वतःचं धुराडं होतं, ते त्याच्या पोटातूनच जायचं. पण ते हात-दीड हात उंचीवर संपायचं. तेवढ्यावर भागत होतं, कारण बंब परसात, पडवीत किंवा उघड्या न्हाणीच्या कोपऱ्यात असायचा. गावाकडे जिथे बंब नव्हता तिथे तीन दगडांची चूल आणि तिच्यावर हंडा, तोही अंगणात. धूर आकाशात जायचा. पाणी तापायचं एका जागी आणि आंघोळ व्हायची दुसऱ्या जागी. धुराची वाट नियमाने आखलेली नसली तरी ही चाल मोठी शहाणपणाची होती.

मग घर आटोपशीर झालं. न्हाणीघर घराच्या आत आलं, त्याला फरशी, टाइल्स आणि घट्ट बसणारं दार आलं. लाकूड महागलं, बंब माळ्यावर गेला किंवा मोडीत निघाला. त्याच्या जागी भिंतीवर खिळा ठोकून एक चपटी पेटी लटकली: गॅस गिझर. सिलिंडर जोडला, पाण्याची नळी जोडली, तोटी उघडताच निळी ज्योत पेटली. कासा, डहाणू, तलासरीच्या नव्या घरांमध्येही ही पेटी सर्रास दिसते. बंब परसातून उठून बाथरूममध्ये आला, पण त्याच्याबरोबर धुराची वाट आली नाही.

एका आंघोळीचा हिशेब

बाथरूमच्या आत गॅस गिझर का नको, हे आकड्यांनीच पाहू.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवणारा साधा गिझर घ्या. पाण्याला मिळणारी उष्णता होते साधारण साडेदहा किलोवॉट. दीड किलोवॉटच्या विजेच्या सात हीटरांएवढी ही ताकद त्या चपट्या पेटीत असते. थोडी उष्णता वाया जाते हे धरलं तर त्यासाठी मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम एलपीजी जळतो. एवढा गॅस नीट जळायला मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा लागते.

आता बाथरूम मोजा. ४ फूट रुंद, ६ फूट लांब, ८ फूट उंच. आत हवा भरते सुमारे ५,४०० लिटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर दहा मिनिटांच्या आंघोळीत गिझर त्यातल्या २,००० लिटर हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. खोलीतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास येतो आणि कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांकडे सरकतो. प्रत्यक्षात दाराखालून थोडी हवा येते, म्हणून आकडे इतके टोकाला जात नाहीत. पण घरातली दोन-तीन माणसं एकामागोमाग आंघोळीला गेली की तेवढ्या फटीनेही निभावत नाही.

खरा घात याच्या पुढे आहे. प्राणवायू कमी पडला की ज्योतीचं पोट भरत नाही. गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. निळी ज्योत पिवळी, लांबट, काजळी धरणारी होते. आंघोळीला बसलेल्याची पाठ ज्योतीकडे असते, वाफेने खोली भरलेली असते, आणि दाराची कडी आतून लावलेली असते.

न दिसणारा धूर

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. सिलिंडरच्या गॅसचा आपण जो वास ओळखतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. गॅस जळला की ते द्रव्यही जळतं. ‘वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा भरवसा गळतीपुरता खरा आहे. जळलेल्या गॅसच्या बाबतीत तो जिवावर बेततो.

रक्तातल्या लाल द्रव्याला, म्हणजे हिमोग्लोबिनला, प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे पटींहून जास्त असते. हवेत तो थोडाच असला तरी रक्तात जागा बळकावतो आणि प्राणवायूला बसायला जागा ठेवत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. दार उघडायचं सुचतं, पण हात कडीपर्यंत पोचत नाही. दर हिवाळ्यात महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या गावातून बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या तरुण मुलामुलींची बातमी येते, ती याच वाटेने.

वाचलेल्यांनाही त्रास राहू शकतो. आंघोळीच्या वेळी बेशुद्ध पडलेल्या रुग्णाला फिट आली असं समजून फिटची औषधं सुरू झाली आणि खरं कारण बाथरूममधला गॅस गिझर निघाला, असे अनुभव भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी लिहून ठेवले आहेत. म्हणून घरात असं कुणी कोसळलं तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. आधी दार-खिडकी उघडून, गॅस बंद करून माणसाला मोकळ्या हवेत आणा. आत रेंगाळू नका. लगेच १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता.’ बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतं. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतानाही ते चांगला आकडा दाखवू शकतं. उपचार म्हणजे भरपूर प्राणवायू. साध्या हवेत रक्तातला हा विषारी वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात तेवढं होतं. सायवनसारख्या गावातून मोठ्या दवाखान्यात पोचायला वेळ लागतो. तेव्हा प्राणवायू जिथे लवकर मिळेल तिथे आधी जाणं हेच शहाणपण.

धूर वर का जातो, आणि परत का येतो

धुराची नळी कुठे काढायची हे ठरवण्याआधी धूर वर का जातो ते समजून घ्यावं. गरम वायू हलका असतो. नळीतला हलका वायू आणि बाहेरची जड हवा यांच्या वजनातल्या फरकामुळे धूर वर ओढला जातो. या ओढीला दोन गोष्टी लागतात: नळीची उंची आणि धुराची ऊब.

ही ओढ किती नाजूक असते याचा आपल्याला अंदाज नसतो. तीन मीटर उंच सरळ नळी घ्या, आत धूर दीडशे अंशांचा, बाहेर हवा पंचवीस अंशांची. ओढ भरते सुमारे १० पास्कल. म्हणजे एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा दाब. तीच नळी लांब फिरवली, थंडीत उघडी ठेवली आणि धूर ऐंशी अंशांपर्यंत निवला की ओढ निम्म्यावर येते. उलट ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा समोरून नळीच्या तोंडावर आदळला तर त्याचा दाब १५ पास्कल असतो. पानं सळसळवणारा, अंगणातली दोरी हलवणारा हा साधा वारा. तो धुराला नळीतूनच परत घरात ढकलू शकतो. बाथरूममधला एक्झॉस्ट पंखाही तेच करतो: खोलीतली हवा खेचताना तो गिझरच्या नळीतला धूर उलटा ओढून आत आणतो. धूर जावा म्हणून पंखा लावला आणि धूर आत आला, ही चूक चांगल्या जाणत्या घरांतही होते.

धुराच्या नळीचे जगभरचे नियम या एका मिलिमीटरच्या ओढीला जपण्यासाठी आहेत.

नळी कुठे काढावी

पहिला नियम सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. साधा गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवू नये. तो बाहेर, मोकळ्या पडवीत, ओट्यावर किंवा गॅलरीत बसवावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत न्यावी. भिंतीला दोन भोकं आणि काही फूट पाइप एवढाच जादा खर्च येतो. आपल्या परसातल्या बंबाची हीच तर चाल होती. पाऊस लागू नये म्हणून वर पत्र्याचा आडोसा करावा, पण चारही बाजूंनी पेटी करून गिझर कोंडू नये. गॅलरीला काचा लावून ती बंद केली असेल तर ती पडवी उरत नाही, खोली होते.

दुसरा नियम इमारतीत राहणाऱ्यांसाठी. बाथरूमच्या मागे असलेल्या डक्टमध्ये गिझरचा धूर सोडू नये. त्या अरुंद उभ्या पोकळीत सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. वारा नसेल तर धूर तिथेच तुंबतो आणि वरच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्या माणसाच्या नाकाशी जातो. आपल्या घरातून धूर गेला एवढ्याने काम संपत नाही. तो कुणाच्या खिडकीत गेला हेही पाहावं लागतं.

तिसरा नियम नळीच्या चालीचा. नळी जितकी सरळ आणि उभी तितकी बरी. गिझरच्या डोक्यावरून आधी सरळ वर जाऊ द्यावी, वळण लागलंच तर एकच आणि तेही तिरपं. आडवा तुकडा अगदी छोटा, आणि तो बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, म्हणजे आत जमलेले पाण्याचे थेंब परत गिझरमध्ये न येता बाहेर ठिबकतील. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. नळी गार असली की ते तिच्यातच साठतं आणि पत्रा गंजवतं. कारखान्याने दिलेल्या मापाची नळी कमी करून बारीक पाइप घालू नये. तोंडाला पावसाची टोपी हवी. जाळी लावायची तर मोठ्या भोकांची. बारीक जाळी काजळीने आणि कोळ्याच्या जाळ्यांनी बुजते, आणि उघड्या तोंडात चिमण्या घरटं करतात.

चौथा नियम तोंडाच्या जागेचा. नळीचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपाशी, दाराशी, जाळीच्या झरोक्याशी किंवा कुलरच्या पाठीशी नको. दोन भिंतींच्या आतल्या कोपऱ्यात नको, कारण तिथे वारा गोल फिरतो. पागोळीच्या अगदी खाली नको, तिथे धूर अडून परत वळतो.

हे नियम जिथे कायद्याने बांधले आहेत अशा देशांत मराठी घरंही आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, यावरून तिथली वस्ती किती जुनी ते कळावं. तिथे घर घेतलं की बॉयलर आलाच आणि जुना बॉयलर बदलायची वेळही येतेच. १९९८ च्या ब्रिटिश गॅस सुरक्षा नियमांनुसार आंघोळीच्या खोलीत गॅसचं उपकरण बसवायचं असेल तर ते खोलीच्या हवेशी संबंध नसलेलंच लागतं. ते बाहेरून हवा घेतं आणि बाहेरच धूर सोडतं. पंख्याने धूर ढकलणाऱ्या बॉयलरच्या नळीचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर हवं. समोरासमोर दोन बॉयलरची तोंडं येत असतील तर त्यांच्यात १२० सेंटिमीटर तरी अंतर हवं. आणि हे काम सरकारी नोंदणी असलेल्या कारागिरानेच करायचं.

तिथला एक बदल आपल्या मूळ मुद्द्याचा चांगला दाखला आहे. इंग्लंडमध्ये २००५ च्या एप्रिलपासून नवा गॅस बॉयलर, काही अपवाद सोडता, कंडेन्सिंग जातीचा असावा लागतो. हा बॉयलर धुरातली वाफही थंड करून तिची उष्णता काढून घेतो. त्याचा धूर पन्नास-पंचावन्न अंशांचा, ओला आणि जड असतो, पांढऱ्या ढगासारखा बाहेर पडतो आणि खिडकीखाली रेंगाळतो. नळीत साठणारं पाणी आम्लाचं असतं, ते बाहेर ठिबकून चालत नाही. म्हणून जुन्या बॉयलरची आडवी नळी बाहेरच्या बाजूला उतरती असायची, तर या बॉयलरची नळी आत, बॉयलरकडे उतरती ठेवतात. भिंत तीच, भोक तेच, पण उतार उलटा. जुन्या भोकातून नवी नळी जशीच्या तशी सरकवून दिली तर काम बिघडलंच. घर डहाणूचं असो की लंडनचं, ‘जुना जिथे होता तिथेच नवा लावा’ हा आदेश कारागिराला देताना आपण हेच विसरतो.

चुलीचं धुराडं

सायवनच्या पाड्यांवर गॅस गिझर अजून थोड्याच घरांत आहे. तिथली मोठी गोष्ट चूलच. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने आदिवासी घरांत सिलिंडर पोचवला. पण सिलिंडर भरून आणायला रोख पैसा लागतो, आणि जंगलातलं लाकूड पैसे न मोजता मिळतं. म्हणून चहा गॅसवर, आणि भाकरी व आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत दिसते. चूल जाणार नसेल तर तिच्या धुराला वाट द्यायलाच हवी.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने १९४७ च्या सुमारास धुराडं असलेली मगन चूल तयार केली. १९५० च्या दशकात हैदराबादला अभियंता एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरासाठी काम केलं. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, महाराष्ट्रातल्या गावांसाठी सुधारित चुली घडवल्या.

तरीही खेड्यात फिरताना थंड पडलेली, बाजूला सारलेली निर्धूर चूल पुष्कळदा दिसते. याचं एक उत्तर ओडिशातल्या मोठ्या पाहणीतून मिळालं. अर्थतज्ज्ञ एस्तर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुराड्याच्या चुली दिलेल्या घरांचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी घरातला धूर श्वासातून कमी गेल्याचं दिसलं, पुढे तो फायदा ओसरला. चुली वापरात कमी येत गेल्या, त्यांची दुरुस्ती आणि धुराड्याची सफाई होत राहिली नाही. नळी बसवून झाली की काम झालं असं धरलं, आणि काजळीने ती आतून भरत गेली. मग धूर परत तिथेच, बाईच्या डोळ्यांत.

तेव्हा घरकुलात चूल मांडताना चार गोष्टी पाहाव्यात. नळी छपराच्या सर्वांत उंच रेषेच्या वर हात-सव्वा हात तरी निघावी, नाहीतर छपरावरून घसरून येणारा वारा धूर खाली दाबतो. नळी पेंढ्याच्या किंवा लाकडी वाशांच्या छपरातून थेट काढू नये; मध्ये रुंद पत्र्याची चकती घालून गवत आणि लाकूड दूर ठेवावं. ते जमत नसेल तर नळी भिंतीतून बाहेर काढून भिंतीलगत वर न्यावी. नळीच्या तळाशी काजळी काढायला झाकणाचं तोंड ठेवावं आणि काठीला चिंधी बांधून महिन्याला ती झाडून काढावी. आणि धुराडं असलं तरी चुलीसमोर हवा यायला झरोका हवाच. आत हवा आली नाही तर वर धूर जायचा कसा?

या भागासाठी पाचवी गोष्टही आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि तलासरी परिसरात भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. धक्क्याने भिंतीला तडा गेला की तो दिसतो. नळीचा सांधा निसटला तर तो दिसत नाही. जोराचा धक्का बसल्यावर भिंतीबरोबर गिझरची नळी, तिचे सांधे आणि गॅसची रबरी नळीही तपासावी. धक्क्यांच्या भीतीने लोक थंडीत तंबूत झोपले तेव्हाही हाच धोका होता: प्लास्टिकच्या बंद तंबूत शेकोटीचे निखारे घेऊन झोपू नये. निखारा धूर करत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर करतो.

डहाणूचं मोठं धुराडं

धुराची वाट आखण्याचा सर्वांत मोठा धडा याच तालुक्यात समुद्राच्या बाजूला उभा आहे. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात १९९५ पासून वीज तयार होते. २५० मेगावॉटचे दोन संच, आणि त्यांच्या बॉयलरचा धूर सोडणारी २७५ मीटर उंचीची चिमणी. मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या तिपटीहून उंच. चिमणी उंच केली की धूर वरच्या वाऱ्यात मिसळून पातळ होतो. तो जातो मात्र कुठेतरी. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, भातखाचरं आणि पूर्वेकडचं जंगल त्याच आकाशाखाली आहेत.

२० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. स्थानिक बागायतदार आणि पर्यावरण कार्यकर्ते त्यासाठी वर्षानुवर्षं झटत राहिले. अखेर २००७ मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. समुद्राच्या पाण्याने धूर धुतला जाऊ लागला.

बाथरूमचा डक्ट आणि २७५ मीटरची चिमणी यांच्यात प्रश्न एकच आहे. धूर आपल्यापासून दूर नेला म्हणजे तो संपत नाही, तो दुसऱ्याच्या दारात जातो. म्हणून धुराची वाट आखताना दोन जबाबदाऱ्या येतात: स्वतःच्या श्वासाची आणि शेजाऱ्याच्या श्वासाची. डहाणूच्या लोकांनी दुसरी जबाबदारी एका मोठ्या कंपनीला पाळायला लावली. ती आपल्या चार फुटांच्या बाथरूममध्ये आपण पाळू शकतो.

जुना बंब काढण्यापूर्वी

नवं साधन विकत घेण्याआधी ते कुठे बसेल, हवा कुठून घेईल आणि धूर कुठे सोडेल, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडा. तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल तर ते साधन त्या घरासाठी नाही. मग विजेचा गिझर, छपरावरचा सौर बंब किंवा बाहेर तापवलेलं पाणी बादलीने आत नेणं हेच बरं. गिझर घेताना भारतीय मानक चिन्ह पाहा, आणि प्राणवायू कमी होताच ज्योत बंद करणारी सोय त्यात आहे का ते विचारा. अनेक गिझरांत वीस मिनिटांनी ज्योत आपोआप विझण्याची सोय असते, पण तिच्यावर विसंबून दार लावून घेऊ नका. वरच्या हिशेबात दहा मिनिटांतच काय झालं ते आपण पाहिलं.

बसवून झाल्यावर एक चाचणी घरच्या घरी करता येते. गॅसचा वास कुठेही येत नाही याची आधी खात्री करा. गिझर पाच मिनिटं चालवा, घरातले सगळे पंखे चालू ठेवा, दारं लावा आणि पेटलेली उदबत्ती गिझरच्या वरच्या कडेला, नळीच्या सुरुवातीपाशी धरा. तिचा धूर नळीकडे ओढला गेला पाहिजे. तो खोलीत पसरला तर गिझर तिथेच बंद करा आणि कारागिराला परत बोलवा. ज्योत निळी आहे का, हे दर आठवड्याला पाहा. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, नळीचं तोंड, टोपी आणि सांधे तपासा. दर थंडीत गिझर पहिल्यांदा लावण्याआधी हे झालंच पाहिजे.

आणि घरातल्या पोरांना एक गोष्ट सांगून ठेवा. गिझर अजून आतच असेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ सताड उघडं ठेवा, आणि मगच कडी लावून आंघोळीला बसा.